खाऱ्या पाण्यातले जिवाणू हॅलोजनयुक्त विषे कशी फोडतात? (ठाणे खाडीच्या निमित्ताने)

खाडीकाठ (धागाकर्ती, कोपरी-ठाणे):

ठाण्याच्या खाडीच्या प्रदूषणाविषयी बोलताना क्लोरीनयुक्त किंवा ब्रोमीनयुक्त सेंद्रिय संयुगांचा विषय नेहमी कारखान्यांच्या ओघानेच निघतो, आणि त्यामुळे ही सगळी संयुगे माणसाचीच करणी आहे असा समज होऊन बसतो. हा समज अर्धाच खरा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड आणि सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड विरघळलेले असते. एवढा कच्चा माल भोवताली असताना समुद्रातल्या जिवांनी तो वापरला नसता तरच नवल. निसर्गात तयार होणारी पाच हजारांहून अधिक हॅलोजनयुक्त (म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन किंवा फ्लोरीन असलेली) सेंद्रिय संयुगे आजवर नोंदली गेली आहेत आणि त्यांतला मोठा वाटा समुद्राचा आहे. ॲस्परागॉप्सिस हे तांबडे शेवाळ ब्रोमोफॉर्म बनवते. चिखलात बिळे करून राहणारे कित्येक किडे ब्रोमोफिनॉल स्रवतात. भूमध्य समुद्राकाठी म्युरेक्स गोगलगायींपासून काढला जाणारा राजेरजवाड्यांचा जांभळा रंग हेही ब्रोमीनयुक्तच संयुग आहे, हे फ्रीडलेंडर यांनी 1909 मध्ये दाखवून दिले.

जागचे हलता न येणाऱ्या स्पंजाने किंवा शेवाळाने स्वतःच्या रक्षणासाठी विष बनवावे, हे समजण्यासारखे आहे. मात्र हे विष बनत राहिले आणि कोणीच ते फोडले नसते, तर कोट्यवधी वर्षांत त्याचा साठा कुठल्या कुठे गेला असता. तसे झाले नाही, कारण त्याच पाण्यात आणि गाळात हा हॅलोजनचा अणू कार्बनपासून सोडवून उरलेल्या सांगाड्यावर जगणारे जिवाणूही आहेत. त्यांची विकरे, म्हणजे एन्झाइम, मुख्यतः तीन मार्गांनी काम करतात. काही विकरे हॅलोजनच्या जागी पाण्याचा अंश बसवतात, काही ऑक्सिजनचा वापर करतात, तर काही हॅलोजनला इलेक्ट्रॉन देऊन त्याला क्लोराइड किंवा ब्रोमाइड म्हणून मोकळे करतात आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. यांपैकी तिसरा मार्ग मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्याविषयी खाली सविस्तर लिहीन.

माझा प्रश्न असा आहे. ही क्षमता समुद्री जिवाणूंमध्ये मुळातच असेल, तर आपल्या खाडीच्या बाबतीत तिचा नेमका अर्थ काय घ्यावा? रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा सांडपाणी प्रक्रियेत काम केलेल्या सदस्यांनी कृपया लिहावे.

शंकासूर (वाशी):

लेख आवडला, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. निसर्गच ही संयुगे बनवतो आणि निसर्गच ती फोडतो, असे एकदा म्हटले की सांडपाण्यावर खर्च करायची गरजच काय, असे विचारणारे उद्या उभे राहतील. जिवाणू इतके समर्थ असतील तर डीडीटी आणि पीसीबी यांची नावे जगाच्या काळ्या यादीत अजून का आहेत, याचे उत्तर आधी मिळावे.

टीटीसी_निवृत्त (कोपरखैरणे):

शंकासूर यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विकरांच्या रचनेतच मिळते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी रसायन उद्योगात नोकरी केली. त्या अनुभवातून पाहिल्यास 'जिवाणू विष खातात' हे वाक्य फारच ढोबळ आहे. कोणता जिवाणू, कोणते विष आणि त्या रेणूवरचा कितवा अणू, इतके विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

पाण्याच्या साहाय्याने चालणारे विकर घेऊ. नेदरलंड्समध्ये डिक जान्सेन यांच्या गटाने 1985 मध्ये झँथोबॅक्टर नावाच्या जिवाणूतून एक विकर वेगळे केले, जे डायक्लोरोइथेन या औद्योगिक द्रावकातला क्लोरीन काढून टाकते. हा जिवाणू समुद्री नाही, पण याच कुळातली विकरे पुढे समुद्री जिवाणूंतही सापडली आणि या कुळाची कार्यपद्धती सर्वांत बारकाईने अभ्यासली गेली ती याच विकरावर. विकराच्या पोटात एक छोटी, पाणी दूर ठेवणारी पोकळी असते. द्रावकाचा रेणू तिच्यात शिरला की एका ॲस्पार्टिक आम्लाची (हे आणि पुढे येणारे ट्रिप्टोफॅन व हिस्टिडीन ही विकराच्याच साखळीतली अमिनो आम्ले) ऋणभारित बाजू, क्लोरीन ज्या कार्बनला चिकटलेला असतो त्याच्यावर बरोबर विरुद्ध दिशेने चाल करते. क्लोरीन बाहेर ढकलला जातो आणि तो क्लोराइड होऊन सुटत असताना दोन ट्रिप्टोफॅन त्याला दोन बाजूंनी धरून ठेवतात. आता उरलेला सांगाडा विकरालाच चिकटून बसलेला असतो. मग शेजारचा हिस्टिडीन पाण्याच्या एका रेणूला कामाला लावतो, पाणी तो जोड तोडते आणि अल्कोहोल बाहेर पडते. ॲस्पार्टिक आम्ल पूर्ववत होते आणि पुढच्या रेणूसाठी जागा रिकामी होते.

गंमत अशी की या साऱ्या प्रकारात सर्वांत रेंगाळणारी पायरी बंध तोडण्याची नसून, सुटलेल्या क्लोराइडला पोकळीबाहेर घालवण्याची आहे. आम्ही कारखान्यातल्या रिॲक्टरच्या उष्णतेच्या बाता मारायचो आणि येथे एक प्रथिन नेहमीच्या तापमानाला बंध तोडून वर निर्गमनासाठी थांबलेले असते.

आता मर्यादा. ती पोकळी लहान असते आणि तिचा आकार ठरलेला असतो. दोन कार्बनचा सरळ रेणू तिच्यात मावतो, पण दोन बेंझिन कडी आणि त्यांवर पाच-सहा क्लोरीन बसलेला पीसीबीचा रेणू तिच्या दारातूनही आत जात नाही. शिवाय बेंझिन कड्यावरच्या क्लोरीनवर मागून चाल करता येत नाही, कारण मागे कडेच असते. त्यात बंधांची ताकदही सारखी नाही. कार्बन-आयोडीन बंध तोडायला मोलमागे सुमारे 215 किलोज्यूल लागतात, कार्बन-ब्रोमीनला सुमारे 285, कार्बन-क्लोरीनला सुमारे 330, तर कार्बन-फ्लोरीनला सुमारे 485. म्हणूनच ब्रोमीन काढणारे जिवाणू समुद्रात मुबलक आणि फ्लोरीन काढणारे विरळा. फ्लोरोॲसिटेटमधला फ्लोरीन काढणारे विकर जमिनीतल्या काही जिवाणूंकडे निश्चित आहे. परंतु न चिकटणाऱ्या तव्यांच्या आणि अग्निशामक फेसाच्या रसायनांत ज्यांचा बोलबाला आहे, त्या पूर्णतः फ्लोरीनने वेढलेल्या साखळ्यांपुढे जिवाणूंची मात्रा सहजी चालत नाही.

खाडीकाठ (धागाकर्ती):

टीटीसी काकांनी पाण्याचा मार्ग इतका नीट उलगडून सांगितल्यावर मी इलेक्ट्रॉनच्या मार्गाकडे वळते, कारण बेंझिन कड्यावरचे हॅलोजन काढण्याचे कोडे तिथे बऱ्याच अंशी सुटते.

ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खाडीचा गाळ पाहिलेल्यांना ठाऊक असेल की वरचा तपकिरी थर जेमतेम काही मिलिमीटरांचा असतो आणि काठी खुपसली की खालून काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल वर येतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तिथे ऑक्सिजन पोहोचतच नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते, आणि ऑक्सिजनच्या अभावी गाळातले जिवाणू ते सल्फेट 'श्वसना'साठी वापरतात. आपण अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या पदरात टाकतो, ते जिवाणू सल्फेटच्या पदरात टाकतात. आणि याच चिखलात असेही जिवाणू असतात, जे आपले इलेक्ट्रॉन क्लोरीन किंवा ब्रोमीन लागलेल्या रेणूच्या पदरात टाकून त्यावर जगतात. म्हणजे आपल्या दृष्टीने जे विष, ते त्यांच्यासाठी ऑक्सिजनच्या जागी आहे.

या विकराच्या गाभ्यात ब-12 जीवनसत्त्वाच्या जातीचा रेणू असतो आणि त्याच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा अणू. शेजारी लोह-गंधकाचे दोन गुच्छ असतात, ज्यांतून एकेक इलेक्ट्रॉन कोबाल्टपर्यंत येतो. हॅलोजन आणि कोबाल्ट यांची गाठ नेमकी कशी पडते याविषयी बराच काळ वाद होता. पॅसिफिक महासागराच्या गाळातून मिळालेल्या नायट्राटिरिडक्टर पॅसिफिकस या जिवाणूच्या विकराची रचना मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 च्या सुमारास उलगडली, तेव्हा कोबाल्ट थेट हॅलोजनलाच गाठतो असे पुरावे मिळाले. कार्बनच्या मागे जायची गरजच उरत नाही, आणि म्हणून बेंझिन कडे आडवे आले तरी चालते. या विशिष्ट विकराचे आणखी एक वेगळेपण असे की ऑक्सिजन असतानाही ते टिकते. याच कुळातली श्वसनासाठी वापरली जाणारी बहुतेक विकरे हवा लागताच निकामी होतात.

दुसरे उदाहरण मला खाडीच्या अधिक जवळचे वाटते. भूमध्य समुद्रातल्या ॲप्लिसिना या पिवळ्या स्पंजाच्या अंगात ब्रोमीनयुक्त अल्कलॉइड ठासून भरलेली असतात. त्याच स्पंजाच्या आत डेसल्फोल्युना स्पॉन्जिफिला हा जिवाणू राहतो, ज्याचे वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तो सल्फेटवर जगतो आणि ब्रोमोफिनॉलमधला ब्रोमीनही काढतो. आयोडोफिनॉलमधला आयोडीनही काढतो. परंतु एका क्लोरीनचा फिनॉल दिला, तर त्याला हातही लावत नाही. काकांनी सांगितलेल्या बंधांच्या ताकदीशी हे जुळते, आणि जिवाणू ज्या घरात राहतो त्या घरातले विष फोडायला तो शिकतो, याच्याशीही.

दिवाकोळी (ऐरोली):

माझा जन्म दिवा कोळीवाड्यातला आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीतली मासेमारी आहे. शास्त्रातले बारकावे मला कळतीलच असे नाही, परंतु दोन प्रश्न आहेत. खाडीतल्या कोळंबीला जो खास वास आणि चव असते, ती तळ्यातल्या कोळंबीला नसते, हे आमच्या घरातले लहान मूलही सांगेल. त्याचा या ब्रोमीनशी काही संबंध आहे काय? आणि दुसरे म्हणजे, जिवाणू ही विषे फोडत असतील तर बोय, निवटी आणि चिंबोरी यांच्यात ती शिल्लक का राहावीत?

खाडीकाठ (धागाकर्ती):

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते फार सुंदर उत्तर आहे. समुद्री मासळीच्या आणि कोळंबीच्या खास चवीत ब्रोमोफिनॉलचा मोठा हात असतो. चिखलातले किडे आणि शेवाळे ही संयुगे बनवतात, कोळंबी ती खाते आणि अत्यल्प प्रमाणातही आपल्या जिभेला ती जाणवतात. गोड्या पाण्यातल्या प्राण्यांत ती जवळजवळ नसतातच. प्रमाण वाढले तर मात्र त्याच कोळंबीला आयोडोफॉर्मसारखा, म्हणजे जुन्या दवाखान्यांत यायचा तसला, वास येतो. ऑस्ट्रेलियातल्या कोळंबीवर याविषयी काम झालेले आहे.

चिखलातल्या या विषाला प्राणीही सरावतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ॲम्फिट्राइट ऑर्नाटा नावाचा एक किडा ब्रोमोफिनॉल स्रवणाऱ्या दुसऱ्या किड्यांच्या शेजारी राहतो. स्वतः ते विष तो बनवत नाही, पण त्याच्या अंगातले एक हिमोग्लोबिन, म्हणजे मुळात प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, ब्रोमीन काढण्याचे कामही करते. जिवाणूंचा धागा असला तरी हा किडा मला गाळता आला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितके सुखाचे नाही. ही संयुगे पाण्यापेक्षा चरबीत विरघळतात. एकदा माशाच्या चरबीत गेली की गाळातल्या जिवाणूची विकरे तिथे पोहोचत नाहीत. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो आणि साठा वाढत जातो. आणि हे केवळ मानवनिर्मित विषांबाबतच घडते असेही नाही. अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाच्या चरबीतली ब्रोमीनयुक्त संयुगे तपासली असता, त्यांतल्या कार्बनच्या वयावरून ती खनिज तेलापासून बनलेली नसून नैसर्गिक आहेत, हे 2005 मध्ये सिद्ध झाले. अर्थात निसर्गाने बनवलेली संयुगेसुद्धा निसर्गाला वेळेत फोडता आलेली नव्हती.

टीटीसी_निवृत्त:

शंकासूर यांनी डीडीटीचे नाव घेतले होते, ते राहून गेले. अर्धवट विघटन हा या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि उत्साही लेखांमध्ये तोच गाळला जातो.

कपडे धुण्याच्या ड्राय-क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे परक्लोरोइथिलीन घ्या. त्यात चार क्लोरीन असतात. ऑक्सिजन नसलेल्या मातीत जिवाणू एकेक क्लोरीन काढत जातात. चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक. जो एक क्लोरीनचा रेणू उरतो, तो व्हिनाइल क्लोराइड, आणि तो माणसात कर्करोग घडवतो हे निश्चितपणे सिद्ध झालेले आहे. अनेक जिवाणू दोन क्लोरीनवरच थबकतात, काही एकावर. शेवटचा क्लोरीन काढून निरुपद्रवी इथिलीनपर्यंत नेणारा डिहॅलोकोकॉइडिस हा जिवाणू अमेरिकेत 1997 मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाला, आणि त्याच्या खोडी अशा की ऑक्सिजन त्याला चालत नाही, हायड्रोजन लागतोच, आणि आपल्या विकराला लागणारा ब-12 चा रेणू त्याला स्वतःला बनवता येत नाही, तो शेजारच्या जिवाणूंकडून मिळवावा लागतो. त्यामुळे शेजारी बदलले की काम अर्ध्यावर थांबते. अर्धवट कापलेल्या फणसाचा चीक अख्ख्या फणसापेक्षा जास्त त्रास देतो, तसाच हा प्रकार आहे.

डीडीटीचेही तेच. ऑक्सिजन नसताना त्यातला एक क्लोरीन निघून डीडीडी होतो. इतरत्र हायड्रोजन आणि क्लोरीन दोन्ही निघून डीडीई होतो, जो डीडीटीहूनही चिवट आहे आणि ज्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली. बरीच वर्षे असे मानले जाई की डीडीई पुढे फुटतच नाही. कॅलिफोर्नियाच्या पॅलोस व्हर्डेस या समुद्रतळावर एका कारखान्याच्या सांडपाण्यातून डीडीटीचे मोठे थर साचलेले आहेत. तिथल्या गाळातले जिवाणू डीडीईमधलाही एक क्लोरीन काढतात, असे 1998 मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. बातमी चांगली आहे. पण त्या प्रयोगात सुद्धा पुढचा टप्पा पुन्हा एक क्लोरीनयुक्तच संयुग होते, आणि वेग असा की गाळाखाली दशके काढलेला साठा आजही तिथे आहे.

भारताने शेतीतला डीडीटीचा वापर 1989 मध्ये थांबवला आणि बीएचसी या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेली कीटकनाशक पावडर 1997 मध्ये बंद केली. त्या पावडरीवर जगणारे जिवाणू आपल्याकडच्या शेतजमिनीतूनच मिळाले होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. पण त्यांची विकरे त्या पावडरीतल्या साऱ्या प्रकारांना (म्हणजे एकाच रेणूच्या वेगवेगळ्या मांडण्यांना) सारख्याच वेगाने फोडत नाहीत, आणि मागे उरतो तो मुख्यतः बीटा प्रकार, जो सर्वांत हट्टी आहे. म्हणून शंकासूर, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: क्षमता आहे, पण ती क्षमता विशिष्ट रेणूपुरती, विशिष्ट थरापुरती आणि विशिष्ट शेजाऱ्यांपुरती आहे. विष नाल्यातच अडवणे हे तिच्यावर विसंबण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

शंकासूर:

आता माझे समाधान झाले. 'खाडी स्वतःला स्वच्छ करते' असे पुन्हा कोणी म्हटले, तर हा प्रतिसाद त्याला दाखवता येईल.

सचिव_खारघर:

विषयाला धरूनच एक व्यवहारातला प्रश्न विचारतो. आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया संयंत्रासाठी एक विक्रेता दर महिन्याला 'बायोकल्चर'ची पोती देतो आणि त्यात समुद्रातले खास जिवाणू असून ते फिनाइल, ॲसिड, ब्लीचिंग अशी सर्व रसायने फोडतात, असे सांगतो. सभासदांपुढे त्याचा खर्च मांडायचा आहे. या दाव्यात किती तथ्य असावे?

टीटीसी_निवृत्त:

सचिव महोदय, सोसायटीच्या संयंत्राचे काम मुख्यतः सेंद्रिय घाण आणि अमोनिया कमी करणे हे आहे, आणि ते काम सांडपाण्याबरोबर आपोआप येणारे जिवाणू, हवा आणि पुरेसा वेळ मिळाल्यास, व्यवस्थित करतात. नवे संयंत्र सुरू करताना किंवा ते बंद पडून पुन्हा चालवताना बाहेरचा जिवाणूसंच उपयोगी पडू शकतो. परंतु समुद्री जिवाणूंना मिठाची गरज असते; आपल्या सांडपाण्यात ते कितपत तग धरतील, याचा विक्रेत्याने खुलासा करावा. ब्लीचिंग पावडर फोडणारे जिवाणू ही कल्पना तर उलटीच आहे, कारण ब्लीचिंग पावडर जिवाणूंनाच मारते. विक्रेत्याकडून जिवाणूंची नावे, कोणता पदार्थ किती वेळात किती घटतो याचा चाचणी अहवाल आणि कोणतीही पोती न घालता चालवलेल्या टाकीशी केलेली तुलना मागावी. तुलना नसेल तर अहवालाला किंमत नाही.

याच अनुषंगाने एक गोष्ट. प्रक्रिया झालेल्या पाण्यात जिथे क्लोरीन घातला जातो, तिथे तो पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे नव्याने तयार करतो. पाणी जर खारट असेल, तर क्लोरीन आधी ब्रोमाइडला चेतवतो आणि मग ब्रोमोफॉर्मकडे झुकणारी संयुगे अधिक बनतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आणि ब्रोमोफॉर्मची 0.1 मिलिग्रॅम ठेवलेली आहे. तेव्हा क्लोरीनची मात्रा डोळे मिटून वाढवणे टाळावे. आधी पाणी नीट गाळले गेले आणि त्यातली सेंद्रिय घाण कमी झाली, तर क्लोरीनही कमी लागतो आणि ही संयुगेही कमी बनतात.

तिवर (ऐरोली, विज्ञान शाखा):

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. खाडीच्या गाळातून हॅलोजन काढणारे जिवाणू मिळवण्याचा छोटा प्रकल्प करावा, असे हा धागा वाचून वाटते. माझी अडचण अशी आहे की जिवाणूंनी सोडलेले क्लोराइड मोजायचे म्हटले, तर खाऱ्या पाण्यात क्लोराइड आधीच भरमसाट असते. मग फरक कळणार कसा? ताई आणि काकांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ (धागाकर्ती):

तिवर, तू अडचण अगदी बरोबर ओळखलीस. लिटरला 19 ग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात काही मिलिग्रॅमची भर कोणत्याही साध्या चाचणीत दिसणार नाही. यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे वाढद्रव बनवताना सोडियम क्लोराइडच्या जागी सोडियम सल्फेट वापरायचे. काही समुद्री जिवाणूंना ते चालते, काहींना चालत नाही. दुसरी वाट सोपी आहे आणि मी ती सुचवेन. पाण्याच्या मार्गाने हॅलोजनचा एक अणू सुटतो, तेव्हा एक हायड्रोजन आयनही सुटतो, म्हणजेच द्रव थोडा आम्लधर्मी होतो. म्हणून क्लोराइड न मोजता आम्लता मोजायची. अगर प्लेटमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू घालून 2-क्लोरोप्रोपिऑनिक आम्लाच्या सोडियम क्षारावर जिवाणू वाढवले, तर हॅलोजन काढणाऱ्या वसाहतींभोवती निळ्या रंगात पिवळे कडे दिसते. विकराचा अर्क काढता आला तर फिनॉल रेड वापरून लाल रंग पिवळा होताना पाहता येतो. त्यासाठी आम्लता सावरून धरणारे बफर अगदी सौम्य ठेवावे लागते, नाहीतर बदल त्यातच जिरून जातो.

यात एक मोठा धोका लक्षात ठेव. जिवाणू इतर कोणत्याही कारणानेही आम्ल बनवतात, आणि गाळात तर भरपूरच. म्हणून हॅलोजनयुक्त पदार्थ न घातलेली प्लेट आणि जिवाणू मारून टाकलेल्या गाळाची प्लेट, या दोन्ही बरोबरीने ठेवल्याच पाहिजेत. त्यांतही पिवळे कडे आले, तर समज की दिसते ते हॅलोजनचे काम नव्हे.

टीटीसी_निवृत्त:

एक सावधगिरी माझ्याकडून. डायब्रोमोइथेन किंवा तसले बाष्पनशील द्रावक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अजिबात हाताळू नयेत. जुन्या पुस्तकांत ते सर्रास दिलेले असतात. क्लोरोप्रोपिऑनिक आम्लही दाहक आहे, तेव्हा मूळ द्रावण शिक्षकांनीच हातमोजे घालून तयार करावे आणि विद्यार्थ्यांना त्याचे अतिसौम्य, आम्लता जुळवून घेतलेले रूपच द्यावे. वापरलेल्या सर्व प्लेट ऑटोक्लेव्हमधून काढल्याशिवाय टाकू नयेत.

दिवाकोळी:

नमुना घ्यायला होडी लागली तर आमच्या घरची आहे. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा चिखल अधिक उघडा पडतो, परंतु पाणी परत येतेही झपाट्याने, आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस लवकर निघत नाही. एकटीने जाऊ नये.

तिवर:

दादा, मनापासून आभार. परवानगी कोणाची घ्यावी लागेल?

खाडीकाठ (धागाकर्ती):

ठाणे खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला, त्यामुळे तिथला गाळ कितीही थोडा असला तरी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घेऊनच काढावा. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राध्यापकांच्या सहीचा अर्ज करावा लागेल, आणि हिवाळ्यात पक्षी आलेले असताना त्यांच्या चरण्याच्या जागा टाळून नमुन्याची जागा आधीच नकाशावर दाखवलेली बरी.

प्रत्यक्ष नमुन्याबाबत सांगायचे तर, वरच्या तपकिरी थरातला आणि हाताच्या वितीएवढ्या खोलीवरचा काळा, असे दोन नमुने वेगवेगळ्या बरण्यांत घे. 2-क्लोरोप्रोपिऑनिक आम्लावर वाढणारे ऑक्सिजन आवडणारे जिवाणू वरच्या थरात मिळण्याची शक्यता जास्त. काळ्या गाळाची बरणी काठोकाठ भरून, हवेला जागा न ठेवता बंद कर. ऑक्सिजनशिवाय वाढवण्याची सोय तुमच्या प्रयोगशाळेत नसेल, तर तो नमुना केवळ तुलनेपुरता ठेव आणि त्यातून फार अपेक्षा करू नकोस. दोन्ही बरण्या बर्फाच्या पेटीतून आण, पण गोठवू नकोस, आणि त्याच दिवशी प्लेटवर घाल. बरण्या निर्जंतुक करून न्यायच्या आणि काठावर पोहोचल्यावर धुवायच्या झाल्याच तर खाडीच्याच पाण्याने धुवायच्या. नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन तुझ्या जिवाणूंना प्लेटपर्यंत पोहोचूच देणार नाही.